घराचं नाक

मुलांनो, सकाळी खिडकीच्या फटीतून घरात कवडसा येतो, तो कधी नीट निरखून पाहिलाय? त्या उजेडाच्या पट्ट्यात धुळीचे इवलेसे कण कसे मजेत तरंगत असतात! आपल्याकडच्या जुन्या विद्वानांनी कवडशातल्या या कणाला नावसुद्धा दिलं होतं – त्रसरेणू. थोड्या वेळानं ऊन सरकतं, कवडसा जातो आणि कण दिसेनासे होतात. पण ते जातात का कुठे? छे! ते तिथंच असतात. फक्त आपल्याला दिसत नाहीत, आणि आपण श्वासाबरोबर ते आत घेत राहतो.

हे आज सांगायचं कारण म्हणजे माझ्या वर्गातला एक मुलगा. चौथीत आहे. बडबड्या, गणितात हुशार, आणि लंगडीत तर कुणाला सापडायचा नाही. पण थंडी सुरू झाली की त्याची छाती वाजायला लागते. त्याला दमा आहे. दप्तरात डबा, कंपासपेटी आणि श्वासानं ओढायच्या औषधाचा पंप, या तीन गोष्टी कायम असतात. गेल्या वर्षी त्याच्या आईबाबांनी हप्त्यावर एसी घेतला. चैन म्हणून नव्हे हं! दुकानात त्यांना सांगितलं होतं, "यात फिल्टर आहे. खोलीत धूळ नाही, जंतू नाहीत, काही राहणार नाही." तीन-चार महिन्यांनी हा पठ्ठ्या माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "बाई, एसी हवा गाळतो ना? मग मला रात्री खोकला का येतो?"

मला उत्तर देता येईना. मी पडले डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका. गाळणी म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे चहाची गाळणी आणि पिठाची चाळण येते! मी त्याला म्हटलं, "सांगते हं, पण थोडा थांब. आधी मलाच शिकायला हवं."

शिकायला मला एक चांगली शिक्षिका मिळाली. माझी थोरली बहीण.

ताईच्या तळघरातलं यंत्र

माझी ताई अमेरिकेत न्यू जर्सीला राहते. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो आणि उन्हाळ्यात आपल्यासारखाच घाम निघतो. त्यामुळे बऱ्याच घरांत खोलीखोलीत वेगळा एसी नसतो, तर सगळ्या घराला मिळून एकच यंत्र असतं. ताईच्या घरी ते तळघरात आहे. त्याला जोडलेले पत्र्याचे चौकोनी बोगदे भिंतींमधून सगळ्या खोल्यांत जातात. हिवाळ्यात त्यांतून गरम हवा येते, उन्हाळ्यात गार. आणि खोल्यांतली हवा दुसऱ्या बोगद्यातून परत यंत्राकडे जाते. म्हणजे तीच ती हवा गोल गोल फिरत राहते.

परत येणाऱ्या हवेच्या वाटेवर, यंत्राच्या तोंडाशीच, एक चौकट सरकवलेली असते. पुठ्ठ्याची कड आणि आत घड्या घातलेलं कापडासारखं काहीतरी. हाच फिल्टर. मी त्याला नाव ठेवलंय 'घराचं नाक'! आपल्या नाकातले केस आणि ओलावा जसा धूळ अडवतो, तसं हे नाक अख्ख्या घराची धूळ अडवतं.

गंमत म्हणजे, असलं यंत्र पहिल्यांदा बनलं ते माणसांसाठी नव्हतंच. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, आकसायचा आणि रंगीत चित्रांचे रंग एकमेकांवर नीट बसत नसत. ते थांबवायला विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरनं हवेतला ओलावा काबूत ठेवणारं यंत्र आखलं. तिथून आजच्या वातानुकूलनाची सुरुवात झाली.

आणि फिल्टरचं पहिलं कामही माणसाची फुप्फुसं सांभाळणं नव्हतं. यंत्राच्या पंख्यावर आणि गार नळ्यांवर धूळ बसू नये, एवढ्यासाठी तो असतो! साधा, स्वस्तातला फिल्टर आजही तेवढंच काम करतो. हे वाक्य लक्षात ठेवा बरं का, पुढे उपयोगी पडेल.

२०२३ सालच्या जून महिन्यात कॅनडातल्या जंगलांना वणवे लागले. त्यांचा धूर शेकडो मैल वाहत आला. ७ जूनला न्यूयॉर्कच्या आसपासचं आकाश दिवसाढवळ्या नारिंगी झालं होतं. ताई सांगते, खिडक्या घट्ट लावल्या तरी घरात शेकोटीसारखा वास यायचा. माझा भाचा तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि दमा त्यालाही आहे. त्या रात्री त्याला झोपताच येईना. उशांना टेकून बसून होता बिचारा.

दुसऱ्या दिवशी ताई धावत दुकानात गेली. फिल्टरच्या फळीपुढे उभी राहिली आणि गोंधळून गेली. एकाच मापाच्या चौकटी, पण कुठे ८ आकडा, कुठे ११, कुठे १३. किमतीही चढत्या. तिनं काय केलं असेल? तुम्ही-आम्ही करू तेच! सगळ्यांत मोठा आकडा, सगळ्यांत बारीक जाळी, सगळ्यांत जास्त किंमत. मुलाच्या जिवापुढे पैशाचा विचार कोण करतो?

तिची निवड चुकली का? ते बघण्याआधी जरा धुळीचीच ओळख करून घेऊ.

कण किती बारीक?

पट्टीवरचा एक मिलिमीटर बघा. त्याचे एक हजार सारखे भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुलांचे परागकण बहुतेक १० मायक्रॉनच्या वरचे. बुरशीची बीजं त्याहून लहान. जंतू एखाद-दोन मायक्रॉनचे. आणि धुराचे कण तर बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही बारीक!

बातम्यांत तुम्ही 'पी.एम. २.५' असं ऐकलं असेल. म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस कण शेजारी शेजारी बसतील. मोठी धूळ नाकात, घशात अडकते; शिंक आली, खोकला आला की बाहेर पडते. पण हे बारके चोर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. म्हणून तर त्यांच्यावर सरकारची नजर असते. आपल्या देशात २००९ साली ठरलेल्या मानकाप्रमाणे एक घनमीटर हवेत दिवसभराच्या सरासरीनं हे कण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली हीच मर्यादा १५ असावी असं सांगितलं.

गाळणी कण पकडते कशी?

आता मला वाटायचं, फिल्टर म्हणजे चाळण. भोकापेक्षा मोठा कण अडकला, लहान निसटला. पण हवेच्या फिल्टरचं तसं नसतं. त्यात बारीक बारीक तंतूंचं जंगल असतं, आणि तंतूंमधल्या फटी कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. मग कण अडकतात कसे?

आपल्या शाळेच्या मधल्या सुट्टीची घंटा आठवा. व्हरांड्यात खांब आहेत आणि सगळे एकदम बाहेर पळतायत. सातवीतला दणकट मुलगा जोरात येतो. समोर खांब आला तरी त्याला पटकन वळता येत नाही. धाडकन आपटतो! मोठे, जड कण असेच तंतूवर आपटून चिकटतात.

मधल्या चणीची मुलं वळतात, पण खांबाला अगदी लागून जाताना खांदा घासतो. मधल्या आकाराचे कण असे घासून अडकतात.

आणि बालवाडीतली पिल्लं? ती सरळ चालतात का कधी? इकडे दोन पावलं, तिकडे दोन पावलं. अशी भटकता भटकता कुठल्यातरी खांबाला जाऊन टेकतातच. अतिशय बारीक कणांना हवेचे रेणू सतत ढकलत असतात, म्हणून तेही असेच वेडेवाकडे भटकतात आणि तंतूला चिकटतात.

म्हणजे अगदी मोठे पकडले जातात आणि अगदी बारकेही पकडले जातात. मग निसटायला सोपं कुणाला? आपटण्याइतके जड नाहीत आणि भटकण्याइतके हलके नाहीत, अशांना! हे कण साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे असतात. म्हणून उत्तम फिल्टरची परीक्षा याच मापावर घेतात. 'हेपा' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९४० च्या दशकात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अणुबॉम्बचं काम चाललं होतं, तेव्हा किरणोत्सारी कण हवेत पसरू नयेत म्हणून या जातीचा फिल्टर तयार झाला. ०.३ मायक्रॉनचे दहा हजार कण सोडले, तर खरा हेपा त्यातले ९,९९७ पकडतो. निसटतात फक्त तीन!

आणखी एक युक्ती असते. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना? तशीच वीज पुष्कळ फिल्टरांच्या तंतूंवर आधीच भरलेली असते. ती कण ओढून घेते. पण वापरता वापरता, धूळ बसत गेली की तिचा जोर ओसरतो.

चौकटीवरचे आकडे

आता ताईच्या दुकानातले आकडे. अमेरिकेतल्या वातानुकूलन इंजिनिअरांच्या 'ॲश्रे' या संघटनेनं १९९९ साली फिल्टरना गुण द्यायची एक पद्धत ठरवली. तिला थोडक्यात 'मर्व्ह' म्हणतात. गुण १ ते १६. परीक्षेत कणांचे तीन गट असतात – मोठे, मधले आणि बारीक.

मर्व्ह ८ वाला फिल्टर ३ ते १० मायक्रॉनचे मोठे कण शंभरातले निदान ७० पकडतो. मधल्या, म्हणजे १ ते ३ मायक्रॉनच्या गटात निदान २०. सगळ्यांत बारीक गटाची तर त्याला परीक्षाच नाही!

मर्व्ह ११ वाला मोठे ८५, मधले ६५ आणि ०.३ ते १ मायक्रॉनचे बारीक कण २० पकडतो.

मर्व्ह १३ वाला मोठे ९०, मधले ८५ आणि बारीक ५०.

म्हणजे धुराशी सामना करायचा तर १३ हवा, हे ताईचं बरोबरच होतं. मग घोटाळा कुठे झाला?

जुलै महिन्यातला बर्फ

पहिला आठवडा छान गेला. धूरही ओसरला, भाचा शांत झोपू लागला. ताईला वाटलं, चला, जिंकलो!

जुलैत एके दिवशी बाहेर कडक ऊन होतं आणि घरात गार होईना. यंत्राचा आवाज तर येतोय, पण खोल्यांत येणारी हवा म्हणजे नुसती फुंकर. ताई तळघरात गेली आणि बघतच राहिली. यंत्राच्या तांब्याच्या नळीवर पांढराशुभ्र बर्फ! भर उन्हाळ्यात! भाचा म्हणाला, "आई, यंत्राला सर्दी झाली."

कारागीर आला. त्यानं आधी काय केलं असेल? ती बारीक जाळीची चौकट उपसून काढली. जून महिन्याचा सगळा धूर आणि धूळ खाऊन ती काळी ठिक्कर पडली होती. तो म्हणाला, "तुमच्या यंत्राला श्वास घेता येत नाहीये."

कसं ते बघा. यंत्राचा पंखा हवा ओढतो. ती गार नळ्यांवरून जाते आणि नळ्यांना आपली उष्णता देते. वाटेतली जाळी फार दाट, त्यात धुळीनं गच्च. मग हवा कमी आली. नळ्यांना उष्णता मिळेना, त्या गोठणबिंदूच्याही खाली गेल्या. हवेतला ओलावा त्यांच्यावर जमला आणि त्याचा बर्फ झाला. बर्फानं उरलीसुरली वाटही बंद केली. हिवाळ्यात याच्या उलट होतं – भट्टीची उष्णता वाहून न्यायला हवा कमी पडते, भट्टी जास्त तापते आणि सुरक्षेची कळ तिला बंद करते.

तुम्हीसुद्धा तोंडाला चार पदरी जाड रुमाल बांधून मैदानाला पाच फेऱ्या मारून बघायची कल्पना करा. (खरंच करू नका हं!) धूळ अडेल, पण दम कोंडेल. यंत्राचंही तसंच.

शिवाय दुसरी गोष्ट. चौकट घाईत बसवल्यामुळे एका बाजूला बोटभर फट राहिली होती. आता हवा कुठून जाईल? दाट जाळीतून की मोकळ्या फटीतून? हवा नेहमी सोप्या वाटेनं जाते. म्हणजे महागाच्या फिल्टरला वळसा घालून धूळ खुशाल पलीकडे जात होती!

घड्यांचं गणित

मग आता काय, बारीक जाळी वापरायचीच नाही? तर तसंही नाही. इथं एक सोपं गणित आहे.

समजा २० इंच रुंदीची चौकट आहे आणि दर इंचाला एक घडी घातली आहे. चौकट १ इंच जाड असेल तर प्रत्येक घडीला एक इंच वर, एक इंच खाली, असं २ इंच कापड लागेल. वीस घड्यांचं झालं ४० इंच. आता चौकट ४ इंच जाड घ्या. प्रत्येक घडीला ४ वर, ४ खाली, म्हणजे ८ इंच. वीस घड्यांचं? १६० इंच! त्याच जागेत चौपट कापड. हवेला शिरायला चौपट जागा. म्हणजे जाळी तेवढीच बारीक, पण श्वास मोकळा. आणि धूळ साठवायला जागा जास्त म्हणून तो टिकतोही जास्त. १ इंची फिल्टर साधारण एक ते तीन महिन्यांत बदलावा लागतो, ४ इंची सहा महिने ते वर्षभर चालतो.

ताईनं कारागिराकडून ४ इंची चौकट बसेल असा खण करून घेतला. तो होईपर्यंत १ इंची जागेत ८ आकड्याचा फिल्टर लावला. यंत्र बिचारं लगेच नीट चालू लागलं. आणि भाच्याच्या खोलीत हवा शुद्ध करणारं हेपाचं छोटं वेगळं यंत्र ठेवलं. हेपा एवढा दाट असतो की घरच्या मोठ्या यंत्राला तो झेपत नाही. त्याला त्याच्या जोगा पंखा लागतो. अमेरिकेचं पर्यावरण खातंही हेच सांगतं – मर्व्ह १३ लावा, किंवा तुमच्या यंत्राला झेपेल तेवढा वरचा.

भाच्यानं बाबांच्या मदतीनं आणखी एक उद्योग केला. चार फिल्टर उभे करून त्यांचा चौकोनी खोका बनवायचा, खाली पुठ्ठा लावायचा, वर चौकोनी पंखा ठेवायचा आणि सगळ्या फटी चिकटपट्टीनं बंद करायच्या. झालं घरगुती हवाशुद्धी यंत्र! ही युक्ती २०२० साली, करोनाच्या साथीत, रिचर्ड कॉर्सी या प्राध्यापकांना सुचली आणि जिम रोझेन्थल यांनी ती प्रत्यक्ष बनवून पाहिली. म्हणून त्याला कॉर्सी-रोझेन्थल खोका म्हणतात. चारी बाजूंनी हवा आत येते, म्हणजे पुन्हा तेच गणित – कापड जास्त, श्वास मोकळा.

आणि आपल्या घरी?

आता येऊ माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. एका रविवारी मी त्याच्या घरी गेले. त्याच्या बाबांनी एसीचा खटका बंद केला, पुढचं झाकण उघडलं आणि जाळी बाहेर काढली. अहो, जाळी कसली, राखाडी गोधडीच ती! घेतल्यापासून एकदाही धुतली नव्हती. "ती धुवायची असते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," त्याची आई म्हणाली.

बाथरूममध्ये नेऊन धुतली, तेव्हा खाली निघाली प्लॅस्टिकची साधी जाळी. तिच्यातून उजेड आरपार दिसत होता. म्हणजे केर, केस, लोकर, मोठी धूळ अडवायला ती ठीक. पण धूर? तो तर तिच्यातून सहज पलीकडे जाणार. आठवतंय ना मघाचं वाक्य? फिल्टरचं पहिलं काम यंत्र सांभाळणं! आपल्या भिंतीवरच्या बहुतेक एसींची जाळी तेवढंच करते. आणि असा एसी बाहेरची ताजी हवाही आत घेत नाही. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा सोडतो.

मग मी खोलीत इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात बशीत डासांच्या गोल अगरबत्तीची राख होती. रात्री दारं-खिडक्या बंद, एसी चालू आणि ती बत्ती जळतेय! म्हणजे धूर खोलीतच तयार होत होता आणि एसी तोच पुन्हा पुन्हा फिरवत होता. सापडलं की नाही रात्रीच्या खोकल्याचं एक कारण?

त्यावर कुठलीही महागडी जाळी लावण्याआधी त्यांनी काय केलं, सांगू? बत्ती बंद करून मच्छरदाणी लावली. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसायला सुरुवात केली. उशांचे अभ्रे आणि चादरी कडक गरम पाण्यात धुऊ लागले, कारण गादीतल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात आणि त्यांच्या विष्ठेनंही दमा उसळतो. स्वयंपाकघरात फोडणी देताना पंखा बाहेरच्या बाजूला चालू. आणि हो, डॉक्टरांना पुन्हा भेटले. पंप ओढायची पद्धत जरा चुकत होती, ती त्यांनी सुधारून दिली.

मला तर सगळ्यांत आवडलं ते कॅलेंडर. त्या मुलानं दर दुसऱ्या रविवारी लाल पेननं 'नाक धुणे' असं लिहून ठेवलंय! त्या दिवशी बाबा जाळी काढतात आणि तो ती नळाखाली धरतो.

करून पाहा

पांढऱ्या पुठ्ठ्याचे चार तुकडे घ्या. प्रत्येकावर व्हॅसलीनचा पातळ थर लावा. मागे जागा आणि तारीख लिहा. एक स्वयंपाकघरात, एक देवघराजवळ, एक झोपायच्या खोलीत आणि एक रस्त्याकडच्या खिडकीत ठेवा. दोन दिवसांनी भिंगातून बघा आणि वहीत लिहा – कण कुठे जास्त? काळे आहेत, तपकिरी आहेत, की धागे आहेत? तुमच्या घरातली धूळ येते कुठून, ते तुम्हाला कळेल. गाळणी घेण्याआधी ही चौकशी केलेली बरी!

एक मात्र लक्षात ठेवा. व्हॅसलीनवर दिसतील ते मोठे कण. धुराचे कण भिंगालाही दिसत नाहीत.

आईबाबांसाठी थोडंसं

भिंतीवरच्या एसीला दाट कापडाचा जादा तुकडा लावू नका. ताईच्या यंत्रावर आला तसाच बर्फ त्यावरही येऊ शकतो. जाळी वापराच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी धुवा, सावलीत वाळवा, मगच बसवा. झाकण मोठ्यांनीच उघडायचं, आणि आधी खटका बंद करून.

घरात दम्याचा रुग्ण असेल आणि हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचंच असेल, तर खोलीचं माप काढा. १२ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच खोली म्हणजे १,२०० घनफूट, म्हणजेच सुमारे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा सगळी हवा गाळली जावी असं धरलं, तर ३४ गुणिले ५, म्हणजे १७० घनमीटर. यंत्राच्या खोक्यावर 'सी.ए.डी.आर.' असा आकडा असतो – ताशी किती घनमीटर शुद्ध हवा मिळते तो. तो निदान एवढा हवा. फिल्टर बदलायला किती खर्च येतो, तेही दुकानातच विचारा. कोळशाचा थर असला तर तो वास कमी करतो, धूळ नाही. ओझोन सोडणारं यंत्र मात्र घेऊ नका. ओझोन श्वासनलिकेला त्रास देतो. आणि कुठलीही जाळी म्हणजे औषध नव्हे. डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करायचा नाही.

नात्यातलं कुणी परदेशात असेल आणि घरात ताईच्यासारखं यंत्र असेल, तर त्यांना चार प्रश्न विचारायला सांगा. यंत्राला कुठपर्यंतचा आकडा झेपतो? चौकट किती जाड बसते? कडेला फट राहत नाही ना, आणि चौकटीवरचा बाण हवेच्या दिशेनं, यंत्राकडे आहे ना? पुढची बदलायची तारीख कुठे लिहिली आहे? शिवाय पंखा चालू असेल तेवढाच वेळ फिल्टर काम करतो. म्हणून धुराच्या दिवसांत नुसता पंखा चालू ठेवायची सोय असते, ती वापरावी.

तर मुलांनो, मी यातून काय शिकले? सगळ्यांत बारीक जाळी म्हणजे सगळ्यांत चांगली, असं नाही. ज्या जाळीतून यंत्राला मोकळा श्वास घेता येतो, जी फट न ठेवता बसते आणि जी वेळच्या वेळी धुतली किंवा बदलली जाते, ती चांगली. आणि तिच्याही आधी, घरात धूरच होऊ न देणं!

माझ्या विद्यार्थ्याचा दमा काही पळून गेलेला नाही. पंप अजून त्याच्या दप्तरात आहे. पण रात्रीचा खोकला बराच कमी झालाय. परवा त्यानं मला विचारलं, "बाई, आपल्या वर्गातल्या पंख्याच्या पात्यांवर एवढी काजळी आहे. तिचं काय?"

मी शिपाईकाकांकडून शिडी मागवली. तुमच्या घरच्या आणि शाळेतल्या पंख्याकडे आज एकदा मान वर करून बघाल ना?